सात मिनिटांनी बंद पडणारा अँप्ली

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, हे आधीच सांगून टाकते. मी चौथीपर्यंतच शिकले, तेही गावाकडच्या शाळेत, आणि त्यानंतर मराठी लिहायची वेळ आली ती फक्त मामाला धाडायच्या पत्रांपुरती. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, ते मला कधी नीट कळलं नाही. मधेच एखादं अक्षर बंगाली वळणाचं येतं, कारण दुकानांच्या पाट्या बघून बघून ती लिपी मी माझी मीच शिकले. वही नातवाची आहे, पुढची अर्धी पानं त्याच्या गणितांनी भरलेली. या घरात हे कुणी वाचेल असं नाही. मुलगा मराठी बोलतो पण वाचत नाही, सून बंगाली आहे, आणि नातवाला ‘आजी, भूक लागली’ एवढंच येतं. तरीही कधी कुणाच्या हाती वही पडलीच, तर चुका पदरात घ्याव्यात. जे लिहायचं आहे ते मी आजवर एका माणसाला सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही बेहालाला राहायचो. मोठ्या रस्त्यावरून तेव्हा ट्राम जायची, आता डोक्यावरून मेट्रो जाते. रस्त्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या. वर घरमालकीण राहायची, तिला सगळी गल्ली माशिमा, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. पुढच्या खोलीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांब टेबल, दोन स्टुलं आणि भिंतीभर रेडिओ, लाउडस्पीकर, तारांची भेंडोळी. अण्णा रेडिओच्या कारखान्यात नोकरीला म्हणून कलकत्त्याला आले होते. कारखान्याला टाळं लागलं, बरोबरची मराठी माणसं परत गेली, अण्णा राहिले. का राहिले, ते मी कधी विचारलं नाही. मला आणि आईला त्यांनी उशिरा आणलं, माझी चौथी झाल्यावर. इथल्या शाळेत मला घातलं होतं, पण बाई काय बोलतात ते कळेना आणि मी तोंड उघडेना. मी लहानपणापासून अशीच, चार माणसांत घशातून आवाज निघत नाही. तीन महिन्यांनी मी घरी बसले ती बसलेच. अण्णांनी जबरदस्ती केली नाही. त्यांना तेव्हा माझी दुसरीकडे गरज पडायला लागली होती.

त्या घराची आठवण आली की आधी कथलाचा वास येतो. अण्णांनी डाग दिला की एक पांढरी धुराची रेघ वर जायची आणि ती मागच्या खोलीत आईच्या फोडणीत मिसळायची. आईला ज्वारी मिळायची नाही, म्हणून ती तांदळाच्या पिठाची भाकरी करायची आणि रोज म्हणायची, “ही काय भाकरी आहे? हा नुसता देखावा आहे.” हिवाळ्यात मात्र खजुराचा नवा गूळ आला की ती त्याचं पुरण घालून पोळ्या करायची, आणि तशी पोळी मी नंतर गावी जाऊनही खाल्ली नाही. संध्याकाळी वरून माशिमांचा शंख वाजायचा, तीनदा. आणि अण्णा एखादा मोठा स्पीकर तपासायला लागले की आमच्या मांडणीवरची ताटं किणकिण करायची. तो आवाज कानाला कमी आणि तळपायाला जास्त यायचा. मग वरून माशिमा ओरडायच्या, “ओ कुशुम, तोर बाबा आबार बाडी काँपाच्छे!” म्हणजे तुझ्या बापाने पुन्हा घर हलवायला घेतलंय. आई खालून मराठीत म्हणायची, “हलू दे. भाडं वेळेवर मिळतंय ना?” दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भांडण अगदी वेळच्या वेळी व्हायचं.

आता अण्णांच्या डोळ्यांचं सांगायला हवं. त्यांच्या वडिलांना उतारवयात दिसेनासं झालं होतं. अण्णांना चाळिशीतच सुरुवात झाली. आधी रंग गेले. लाल आणि तपकिरी एक झाला, मग हिरवा आणि राखाडी. हे एखाद्या वाण्याला झालं असतं तर निभावलं असतं, पण अण्णांचं सगळं काम रंगांवर होतं. अँप्लीत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या मशीनमध्ये, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे रेझिस्टन्स असतात, त्यांच्या अंगावर रंगाचे पट्टे असतात आणि प्रत्येक रंग हा एक आकडा असतो. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. पाढे म्हणावेत तसं अण्णांनी ते माझ्याकडून घोकून घेतलं. अजून झोपेतून उठवलं तरी म्हणेन. मिस्त्रीला दिसत नाही हे गल्लीत कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून कुणी फिरकलं नसतं, म्हणून ही गोष्ट आम्हा तिघांतच होती. कुणी नसलं की मी मोठ्याने सांगायची, “पिवळा, जांभळा, नारिंगी.” गिऱ्हाईक समोर असलं की मी अण्णांच्या डाव्या हाताला खालच्या स्टुलावर बसायची आणि टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यावर बोटाने टकटक करायची. पिवळ्याला चार, जांभळ्याला सात. शून्याला तळवा फिरवायचा. अण्णा रेझिस्टन्स डोळ्यांसमोर धरून उगीच कपाळाला आठ्या घालायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की तेच वाचतायत. मग माझ्या हातात देऊन म्हणायचे, “धर गं, पडेल.” भिंतीवर काड्यापेट्यांचे खण ओळीने चिकटवलेले होते. आकडा कळला की ते बोटांनी खण मोजत जायचे आणि बरोबर नग काढायचे. त्यांचे हात फार देखणे होते. त्या हातांकडे बघत गिऱ्हाइकं गप्प बसायची, आणि त्या वेळी मला आतून जे वाटायचं त्याला मी अभिमान म्हणेन. शाळेत मी कुणाच्या उपयोगाची नव्हते. इथे होते.

त्याच सुमाराला कुलकर्णीबाई आमच्याकडे यायला लागल्या. त्यांचे यजमान बँकेत अधिकारी, बदली होऊन आलेले. आई अशा मराठी घरांना चकल्या, करंज्या करून द्यायची. कुलकर्णीबाई लग्नाआधी शाळेत शिकवायच्या. एकदा मी अण्णांना रंगांचे आकडे सांगते ते त्यांनी मागच्या खोलीतून ऐकलं, कशासाठी ते त्यांना कळलं नाही, आणि आईला म्हणाल्या, “अहो वहिनी, मुलगी हुशार आहे हो. टेबलाखाली बसवून काय ठेवलीय?” त्यांनी ठरवलं की नाताळ झाला की मी आठवड्यातून तीन दुपारी त्यांच्याकडे जायचं, हिंदीतून सातवीची परीक्षा बाहेरून द्यायची. चार पुस्तकंही आणून दिली, नव्या कव्हरांची. अण्णा म्हणाले, “दुपारी जाऊ दे. काम सकाळी करू.” ती पुस्तकं मी उशाशी घेऊन झोपायची. वाचता येत नव्हतं सगळं, पण वास घ्यायची.

नाताळाच्या आधीच्या त्या आठवड्यात दुपारी डिक्सन साहेब आले. साहेब हे आमचं म्हणणं, नाहीतर त्यांचा कोट कोपरावर शिवलेला होता. अँग्लो-इंडियन माणूस, साठीचा, उंच आणि वाकलेला. पार्क स्ट्रीटवरच्या एका हॉटेलात बँडमध्ये चार तारांची जाडी गिटार वाजवायचे. टॅक्सीतून दोघांनी धरून त्यांचा अँप्ली उतरवला. कपाटाएवढं खोकं, खाली स्पीकर आणि वर मशीन.

“मिस्त्री, ये बुड्ढा हमको धोखा देता है,” ते अँप्लीवर थाप मारत म्हणाले. “चालू करो, एकदम फर्स्ट क्लास. सात मिनिट बजता है, फिर खलास. थोडा आराम दो, फिर सात मिनिट. हमारे माफिक हो गया है.”

अण्णा हसले. “बंद होते टाइम आवाज धीरे धीरे जाता है साहब, या एकदम?”

“एकदम. जैसे किसी ने गला पकड़ा.”

“और लाल बत्ती?”

“बत्ती चालू रहती है.”

अण्णा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “बघ. दमून गेला असता तर खायला कमी पडतंय म्हणायचं. हा तुटून जातो. म्हणजे कुठेतरी हाड मोडलंय, आणि गरम झालं की फाकतंय.” मला ते असं समजावून सांगायचे, आणि डिक्सन साहेबांना वाटलं असेल मुलीशी काहीतरी घरगुती बोलतोय.

मागचा पत्रा काढला. आधी शंभराचा बल्ब जोडीला लावून अँप्ली चालू केला. बल्ब एकदा भपकन पेटला आणि मंद झाला, म्हणजे आत कुठे सरळ शॉर्ट नव्हता. मग बल्ब काढला. डिक्सन साहेबांनी गिटार जोडली आणि एकच जाड सूर पुन्हा पुन्हा वाजवत बसले. ताटं किणकिणायला लागली. माशिमा वरून ओरडल्या. आईने मागून चहा पाठवला. सात मिनिटं झाली आणि सूर मधेच कापला गेला, साहेबांचं बोट तारेवर तसंच. अण्णांनी मला स्पिरिटची बाटली मागितली. ही त्यांची खास पद्धत होती. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि एकेका नगाला लावत जायचं. लावलं की तो नग गार पडतो, आणि ज्याला गार केल्यावर आवाज परत येतो तो चोर. ते हाताने चाचपत जात होते, एक, दुसरा, तिसरा. मागे जिथे मोठे ट्रान्झिस्टर अॅल्युमिनियमच्या पट्टीला आवळलेले असतात, तिथल्या एका डागाला कापूस लागला आणि साहेबांच्या हातातला सूर एकदम खोलीभर झाला. ताटली एक खालीच पडली. साहेब मोठ्याने म्हणाले, “वाह मिस्त्री!” आणि अण्णांच्या पाठीवर थाप मारली. अण्णा लाजून हसले. तेवढं हसणं मी लिहून ठेवते. त्यानंतर तसं हसलेले मला आठवत नाहीत.

डागाला केसाएवढी भेग गेली होती. अण्णांनी तो पुन्हा भरला. पण शेजारचा एक रेझिस्टन्स इतकी वर्षं त्या गरमीत भाजून काढलेला होता, बोट लागलं तर त्याचे दोन तुकडे झाले. तो बदलायला हवा होता. अण्णांनी तुकडे समोर धरले, आठ्या घातल्या, आणि माझ्या तळव्यावर ठेवले.

पहिला पट्टा पिवळा. दुसरा जांभळा. पुढे किती शून्यं ते तिसरा पट्टा सांगतो, तो चुकला की दहापट फरक, आणि नेमका तोच काजळलेला होता. लाल असेल, नाहीतर तपकिरी. त्या खोलीत दिवसाही बल्ब लागायचा, आणि दुपार कलली की व्होल्टेज पडून बल्ब पिवळाजर्द व्हायचा. एरवी मी ‘पाणी आणते’ म्हणून मागच्या दाराशी जायची आणि उजेडात बघून यायची. पण मी उठणार तेवढ्यात डिक्सन साहेब वाकून माझ्या तळव्याकडे बघायला लागले आणि गमतीने म्हणाले, “मिस्त्री, ये बेबी तुम्हारा असिस्टंट है क्या?”

“नहीं नहीं साहब,” अण्णा घाईने म्हणाले, “ऐसे ही बैठती है. स्कूल नहीं है ना.”

आता तो तुकडा घेऊन मी उठले असते तर साहेबांना कळलं असतं. तोंडाने विचारलं असतं तरी कळलं असतं. टेबलाखाली अण्णांचा गुडघा वाट बघत होता. मी चारदा टकटक केली, मग सातदा. मग थांबले. आमच्याकडे शून्यापासून नऊपर्यंत सगळं सांगायची सोय होती, पण ‘मला माहीत नाही’ हे सांगायची नव्हती. इतक्या दिवसांत ती लागलीच नव्हती. अण्णांनी गुडघा किंचित हलवला, म्हणजे चल, पुढचा. मी एकदा बोट आपटलं. एक. तपकिरी. एक टकटक दोनपेक्षा लवकर संपते, याहून दुसरं कारण मी आजही देऊ शकत नाही.

अण्णांनी खण मोजले, नग काढला, डाग दिला. अँप्ली चालू झाला. सात मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. साहेब खुशीत वाजवत होते. अण्णांनी मागच्या पट्टीला बोटांची मागची बाजू लावली आणि म्हणाले, “साहब, थोडा जादा गरम लगता है. आज रहने दो, दो घंटा चला के देखता हूँ.”

“आज कैसे रहने दे, मिस्त्री? शाम को हॉल भरा है. पूरा साल हम इसी हफ्ते का खाता है.”

अण्णांचा नाइलाज झाला. मागचा पत्रा उघडा ठेवा, हवा लागू द्या, असं चारदा सांगून त्यांनी अँप्ली दिला. मी मागच्या खोलीत जाऊन आईजवळ बसले. ती म्हणाली, “काय गं, हात गार पडलेत तुझे.” मी म्हटलं, थंडी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीचा आवाज आला तेव्हाच मला कळलं. अँप्ली खोलीत यायच्या आधी त्याचा वास आला. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्टुलावर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, “एक घंटा बजा, मिस्त्री. फिर धुआँ. लोग हँसने लगा. मॅनेजर ने बोला, ओल्ड मॅन, घर जाओ. आज से दूसरा पार्टी बजाएगा.” मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “सीझन गया.”

अण्णांनी मशीन उघडलं. मोठे ट्रान्झिस्टर मेले होते आणि त्यांनी जाता जाता स्पीकरही जाळला होता. कागदी पडद्यावर बोटं ठेवून दाबलं तर आत खरखरत होतं. अण्णा बराच वेळ तो पडदा हळूहळू दाबत राहिले. मग त्यांचं बोट माझ्या टकटकीने बसवलेल्या त्या नगावर आलं. त्यांनी टेबलावरच्या डबीतून कालचे जळके तुकडे शोधून काढले, साहेबांना म्हणाले, “एक मिनट,” आणि माझा दंड धरून मला मागच्या दाराशी उन्हात नेलं.

“कुसू, तिसरा पट्टा कोणता आहे?”

उन्हात काजळीखाली तो स्वच्छ दिसत होता. “लाल.”

“आणि काल?”

मी दाराच्या कडीशी चाळा करायला लागले.

“काल तुला कसा दिसला? घाबरू नको. शंका होती का तुला? नीट दिसला नव्हता का?”

सुटकेचं दार त्यांनी किती उघडं ठेवलं होतं! ‘शंका होती’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण आतल्या खोलीत तो माणूस टोपी घेऊन बसला होता, आणि शंका होती म्हटलं तर माहीत असून केलं असं झालं असतं. मी म्हटलं, “नाही. शंका नव्हती. मला तपकिरीच दिसला.”

मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे फिरवलं आणि वाकून माझ्या डोळ्यांत बघायला लागले. त्यांना काय दिसणार होतं? तरी बघत राहिले. मग इतक्या हळू म्हणाले की मी ऐकावं असं त्यांच्या मनात नसेल, “माझंही असंच सुरू झालं होतं.”

आत जाऊन त्यांनी डिक्सन साहेबांना सांगितलं की चूक माझी आहे, माझा हात चुकला, ट्रान्झिस्टर, स्पीकर आणि तुमचा बुडालेला आठवडा, सगळं मी भरून देईन, पण एकदम नाही जमणार. साहेब म्हणाले, “देखेंगे मिस्त्री.” अँप्ली त्यांनी दुसरीकडे दुरुस्तीला नेला.

त्या दिवसापासून अण्णांनी मला टेबलाशी बसू दिलं नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, हातात फार काम आहे, दुसरीकडे न्या. दोन महिन्यांत दुकान बंद झालं. काड्यापेट्यांची भिंत त्यांनी स्वतः उतरवली. मग ते लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एकाकडे ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायला जायला लागले. त्याला डोळे लागत नाहीत, बोटांनी वेढे मोजायचे असतात. कुलकर्णीबाईंची पुस्तकं त्यांनी फडक्यात बांधून परत केली. बाई म्हणाल्या, “अहो, एक परीक्षा तरी देऊ द्या.” अण्णा म्हणाले, “तिच्या डोळ्यांना झेपणार नाही, बाई. जेवढे आहेत तेवढे पुरवून वापरू दे.” मी दाराआड उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं.

मला त्यांनी डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. पहाटेच्या ट्रामने जायचं, रांगेत बसायचं, डोळ्यांत थेंब घालून घ्यायचे. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पुस्तकं दाखवली, मी सगळे आकडे बरोबर सांगितले. डॉक्टर म्हणाले, मुलीचे डोळे उत्तम आहेत. अण्णा बाहेर आल्यावर म्हणाले, “माझ्याही वेळी आधी असंच म्हणाले होते.” मग त्यांनी मला वाटेत गरम शिंगाडे घेऊन दिले, म्हणजे समोसे, आणि मी खाते की नाही ते माझ्या हाताला हात लावून बघत राहिले. घरी त्यांनी मला शिवण करू दिलं नाही, तांदूळ निवडू दिले नाहीत. पन्नास पावलं चालायचं असलं तरी म्हणायचे, “कुसू, माझा हात धर,” आणि मला कळायचं नाही की कोण कुणाला सांभाळतंय.

आईला मात्र कळलं. एके दुपारी मी चोरून ब्लाउजला गुंडी लावत होते. ती मागे येऊन उभी राहिली आणि मी एका फटक्यात सुईत दोरा ओवलेला तिने पाहिला.  मग म्हणाली, “त्या दिवशी काय झालं होतं?” मी तिला सगळं सांगितलं. सांगताना हुंदका आला, पण जीव हलका झाला. वाटलं, आता ही अण्णांना सांगेल आणि सुटेन. ती खाली बसली, माझ्या हातातून ब्लाउज घेतला आणि उरलेली गुंडी स्वतः लावायला लागली. म्हणाली, “आता नको सांगूस. डोळ्यांचं दुःख त्यांना कळतं, ते पचवतील. तू खोटं बोललीस हे त्यांना पचायचं नाही.” ती चुकली की बरोबर होती, यावर मी एवढं आयुष्य विचार केला. माझ्या लग्नाच्या वेळी जी जी स्थळं आली त्यांना अण्णांनी आधीच सांगून टाकलं की मुलीच्या डोळ्यांत आमच्या घरचा दोष आहे, पुढे जातील. तीन स्थळं मोडली. माझ्या नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “जातील तेव्हा बघू.” तो गेला, अण्णा तर कधीच गेले. मी पासष्टीची झाले. परवा डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या वयात इतके चांगले डोळे बघायला मिळत नाहीत. ऐकून सून हसली, आणि मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

पैसे फिटायला चार वर्षं लागली. अण्णांच्या तारगुंडाळीतून थोडे, आईच्या चकल्या-पुरणपोळ्यांतून थोडे. बिस्किटाच्या डब्यात साठायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी डिक्सन साहेब येऊन घेऊन जायचे. ते आता एका शाळेत पोरांना गिटार शिकवत होते. पैशांपेक्षा चहालाच जास्त यायचे, असं आई म्हणायची. माझ्याकडे बघून दरवेळी विचारायचे, “हाऊ आर द आइज, बेबी?” अण्णांनी त्यांना कधीतरी सांगितलं असणार. मी मान हलवायची.

शेवटच्या रविवारी अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांना तेव्हा उजेड आणि काळोख एवढंच कळायचं. साहेबही टाय लावून आले होते. आईने पोळ्या केल्या होत्या, नव्या गुळाच्या. साहेबांनी दोन खाल्ल्या आणि तिसरी रुमालात बांधून घेतली. मग अण्णा म्हणाले, “आण गं डबा.” मी फळीवरून डबा काढला, नोटा सरळ केल्या आणि मोजायला सुरुवात केली. मी सतरा वर्षांची होते. पाच-सहा नोटा झाल्या असतील, त्यांचा आवाज ऐकून अण्णांनी हात पुढे केला.

“तू नको, कुसू,” ते फार मायेने म्हणाले. “आईला मोजू दे. शेवटचे आहेत, चुकायला नकोत.”

साहेबांनी खाली बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. मी त्या दोघांकडे न बघता अण्णांकडे बघत होते. त्यांचं तोंड माझ्या बाजूला होतं, पण जरासं चुकीच्या जागी, माझ्या खांद्यापलीकडे. मी तोंड उघडलं, आणि मग नोटांची चळत आईकडे सरकवली.

आईने पदराला हात पुसले. ओठ हलवत एकदा मोजल्या, मग पुन्हा एकदा मोजल्या आणि साहेबांच्या हातात दिल्या. त्यांनी न मोजता आतल्या खिशात ठेवल्या.

“पूर्ण आहेत ना?” अण्णांनी विचारलं.

“हो,” आई म्हणाली. “पूर्ण आहेत.”